महापौरांच्या पत्रांतली ‘नगण्य’ माणसे

1829-30च्या हिवाळ्यात बॉस्टनचे महापौर हॅरिसन ग्रे ओटिस यांच्या नावे दक्षिणेतून एक पत्र आले. पाठवणारे होते जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना बंदराचे महापौर, विल्यम थॉर्न विल्यम्स. त्या काळच्या अमेरिकी टपालात चारशे मैलांपलीकडे जाणाऱ्या एका कागदाला 25 सेंट हशील पडे. दोन कागद असले की दुप्पट. पत्रातली तक्रार होती एका पुस्तिकेबद्दल. लेखकाने तिची किंमत 12 सेंट ठेवली होती आणि ज्याला तेवढेही परवडणार नाहीत त्याला ती फुकट द्या, असे आपल्या माणसांना कळवले होते. म्हणजे पुस्तिका थांबवा असे सांगणाऱ्या एका कागदाच्या हशिलात तिच्या दोन प्रती आल्या असत्या आणि वर एक सेंट उरला असता.

महापौरांनी या पत्राला उत्तर दिले. पुढच्याच वर्षी अशाच एका दुसऱ्या तक्रारीलाही उत्तर दिले. दोन्ही उत्तरे कायद्याला धरून आहेत आणि भाषा सुसंस्कृत आहे. दोन्हींत एक शब्द मात्र सारखा येतो. ज्यांच्याबद्दल तक्रार होती, त्या माणसांना महापौरांनी दोन्ही वेळा ‘नगण्य’ ठरवले. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकी महापौराचा पत्रव्यवहार आज दोनशे वर्षांनी वाचायचा तो या एका शब्दासाठी. लिहिणाऱ्याला काय माहीत होते ते पत्रातून कळतेच, पण त्याला काय दिसत नव्हते तेही त्याच ओळींत नोंदलेले असते.

पत्रांत वाढलेला माणूस

ओटिस यांचा जन्म 1765चा, बॉस्टनमधला. घराणे पत्रे लिहिणाऱ्यांचे आणि जपणाऱ्यांचे. वडील सॅम्युअल अ‍ॅलाइन ओटिस अमेरिकी सिनेटचे पहिले सचिव होते. दफ्तर सांभाळणे हेच त्यांचे काम. आत्या मर्सी ओटिस वॉरन यांनी अमेरिकी क्रांतीचा इतिहास लिहिला, आणि जॉन व अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आजही अभ्यासला जातो. काका जेम्स ओटिस हे तर ब्रिटिश सत्तेविरुद्ध कायद्याच्या भाषेत बोलणारे पहिल्या फळीतले वकील. 1764च्या त्यांच्या पुस्तिकेत एक विधान आहे, ते पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे: निसर्गाच्या कायद्याने वसाहतींतले सारे लोक जन्मतः स्वतंत्र आहेत, मग ते गोरे असोत की काळे.

पुतण्या हार्वर्डमधून 1783मध्ये पदवीधर झाला, वकील झाला, फेडरलिस्ट पक्षातर्फे 1797मध्ये काँग्रेसमध्ये गेला आणि पुढे सिनेटमध्ये. ते काँग्रेसमध्ये गेले तेव्हा राजधानी फिलाडेल्फियात होती. तिथून पत्नी सॅली यांना लिहिलेल्या पत्रांत राजकारण आहे, तशाच मेजवान्या, नाचाचे समारंभ आणि भेटलेल्या माणसांची वर्णनेही आहेत. या खासगी पत्रांतले ओटिस मोकळे, रसिक आणि माणसांच्या सहवासात रमणारे दिसतात. दक्षिणेतल्या जमीनदार घराण्यांशी त्यांची मैत्री याच काळात जुळली. ही माणसे त्यांच्या टेबलावर जेवली होती, त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारत होती. गुलामगिरी ओटिस यांना पसंत नव्हती. 1820मध्ये मिझुरी राज्याचा प्रश्न आला तेव्हा गुलामगिरी तिथे पसरू नये अशी बाजू त्यांनी सिनेटमध्ये मांडली. पण 1800च्या जानेवारीत फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी काँग्रेसकडे अर्ज केला, तेव्हा तो अर्ज घेण्याला त्यांनी विरोधच केला होता. गुलामगिरीवर आपसात वाद घालणारे सभ्य गृहस्थ त्यांना चालत. ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांनी स्वतः तोंड उघडणे त्यांना धोक्याचे वाटे.

1829च्या जानेवारीत ते बॉस्टनचे तिसरे महापौर झाले. बॉस्टनला शहराचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. 1822पर्यंत तिथला कारभार गावसभेतून चाले. नव्या सनदेनुसार महापौराची निवड दरवर्षी होई. त्याच्या हाती अधिकार बेताचेच असत आणि बरेचसे काम आल्डरमन म्हणजे वरिष्ठ नगरसेवकांच्या संमतीने चाले. 1830च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या 61,392 भरली. इतक्या मोठ्या बंदराच्या महापौराकडे येणारे टपाल मात्र देशभरातून येई, कारण बॉस्टनची जहाजे आणि बॉस्टनचे छापखाने साऱ्या किनाऱ्यावर पोचत होते.

त्या टपालाचे रूपही डोळ्यांपुढे आणायला हवे. पाकिटे सर्रास वापरात नव्हती. लिहिलेला कागदच दुमडायचा, लाखेची मोहोर करायची आणि वरच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहायचा. तिकिटे तर 1847पर्यंत आलीच नाहीत. हशील किती ते टपालकचेरीतला माणूस शाईने वर लिही आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाराच भरे. आपल्याकडे ज्याला बैरंग म्हणत तोच तिथला नेहमीचा रिवाज. हशील कागदाच्या संख्येवर, म्हणून लोक एकाच कागदात शक्य तितके कोंबत. सरकारी मजकूर, मित्राची विचारपूस आणि घरची बातमी एकाच पानावर येऊन बसे. सार्वजनिक पदावरच्या माणसाचे खासगी दफ्तर आणि कचेरीचे दफ्तर यांतली सीमा म्हणूनच पुसट होती. ओटिस यांचे कागद आज मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी या 1791मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत आहेत. राज्यपालांशी झालेला व्यवहार आणि कुटुंबाची पत्रे तिथे शेजारीशेजारी वाचता येतात.

एक टेकडी, दोन उतार

हा पत्रव्यवहार समजायचा तर बॉस्टनचा भूगोल हवा. शहराच्या मध्यावर बीकन हिल नावाची टेकडी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथली कुरणे विकत घेऊन भूखंड पाडणाऱ्या भागीदारांत ओटिस होते. चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्ली यांची तिथली जमीनही याच मंडळींनी घेतली. वास्तुविशारद चार्ल्स बुलफिंच यांच्याकडून ओटिस यांनी स्वतःसाठी एकामागून एक तीन घरे बांधून घेतली. तिसरे घर 45, बीकन स्ट्रीट. समोर बॉस्टन कॉमन हे मोठे हिरवे मैदान, आणि थोड्या अंतरावर राज्य विधिमंडळाची इमारत, स्टेट हाउस. टेकडीचा हा दक्षिण उतार श्रीमंतांचा.

उत्तर उतारावर शहरातली स्वतंत्र कृष्णवर्णीय वस्ती होती. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी 1783च्या सुमारास न्यायालयाच्या निकालांनी संपली होती. या वस्तीत खलाशी होते, न्हावी होते, धुणी धुणाऱ्या बायका होत्या, जुन्या कपड्यांचे व्यापारी होते. 1806मध्ये त्यांनी तिथे आफ्रिकन मीटिंग हाउस हे प्रार्थनागृह उभारले. तीच त्यांची सभेची जागा. ओटिस यांचे तिसरे घरही त्याच सुमारास उभे राहत होते. एकाच टेकडीच्या दोन अंगांवर, काही मिनिटांच्या चालीवर.

डेव्हिड वॉकर या उत्तर उतारावर राहत. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा. आई स्वतंत्र असल्यामुळे तेही जन्मतः स्वतंत्र होते, पण दक्षिणेत फिरताना गुलामगिरी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बॉस्टनमध्ये त्यांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. ‘फ्रीडम्स जर्नल’ या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे ते शहरातले प्रतिनिधी. सप्टेंबर 1829मध्ये त्यांनी आपले ‘अपील’ प्रसिद्ध केले. एक प्रास्ताविक आणि चार प्रकरणे, अशी त्याची रचना अमेरिकी राज्यघटनेच्या धाटणीची. थॉमस जेफरसन यांनी कृष्णवर्णीयांना हीन ठरवणारे जे लिहिले होते, त्याचा त्यात नाव घेऊन समाचार आहे. आपण माणसे आहोत आणि ही भूमी आपल्या घामारक्तावर उभी आहे, असे वॉकर त्यात सांगतात, आणि जुलमाला प्रतिकार करण्याचा हक्कही मांडतात.

ही पुस्तिका दक्षिणेत पोचवायला वॉकर यांच्यापाशी स्वतःची टपालव्यवस्था होती: खलाशी. दुकान बंदराजवळ, गिऱ्हाइके जहाजांवरची. विकलेल्या कपड्यांच्या अस्तरात पुस्तिका शिवून दिल्या जात असे सांगतात. डिसेंबर 1829मध्ये सव्हानाच्या पोलिसांनी 60 प्रती जप्त केल्या. एका जहाजावरच्या नोकराने त्या आणल्या होत्या. जॉर्जियाच्या विधिमंडळाने घाईघाईने कायदा केला. कृष्णवर्णीय खलाशी असलेल्या जहाजांना बंदरात वेगळे अडवून ठेवायचे, गुलामांना लिहायला-वाचायला शिकवायला बंदी, आणि अशी पुस्तके वाटणाऱ्याला जबर शिक्षा. बारा सेंटांच्या पुस्तिकेने एका राज्याचा कायदा बदलायला लावला होता.

पहिले उत्तर

सव्हानाच्या महापौरांनी मागणी केली की वॉकर यांना आवरा. ओटिस यांनी त्यावर वॉकर यांच्या दुकानात माणूस धाडून चौकशी करवली. वॉकर यांनी काहीही लपवले नाही. पुस्तिका आपलीच आहे, आणि ती स्वखर्चाने पसरवत राहणार, असे त्यांनी सांगितले.

फेब्रुवारी 1830मध्ये ओटिस यांनी सव्हानाला उत्तर लिहिले. त्यातले मुख्य विधान वकिलाचे आहे: पुस्तिका कितीही वाईट आणि भडक वाटली, तरी वॉकर यांनी आमच्या राज्याचा कोणताही कायदा मोडलेला नाही, तेव्हा त्यांच्यावर कारवाई करण्याचा अधिकार आम्हाला नाही. हे विधान हलके मानू नये. दक्षिणेतली बडी माणसे रागावलेली, बॉस्टनचा व्यापार दक्षिणेच्या कापसावर पोसलेला, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो जुने कपडे विकणारा एक कृष्णवर्णीय गृहस्थ. अशा माणसाला काहीतरी निमित्त काढून तुरुंगात टाकणे सोपे होते. ओटिस यांनी ते केले नाही. कायदा नाही तर शिक्षा नाही, हे तत्त्व त्यांनी आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही लागू केले. या एका गोष्टीसाठी त्यांना मान द्यायलाच हवा.

मात्र पत्र तिथे थांबत नाही. या लेखकाबद्दल तुमच्याइतकाच तिरस्कार आमच्या शहरालाही वाटतो, अशी ग्वाही ओटिस देतात. जहाजांच्या कप्तानांना असे साहित्य नेण्याच्या परिणामांबद्दल सावध करण्याचे आश्वासन देतात. आणि मग तो शब्द येतो. लेखकच इतका नगण्य आहे आणि पुस्तिका इतकी थोडी खपलेली आहे, की इथे तिची कोणी दखलही घेत नाही, असे ते लिहितात.

थोडी खपलेली म्हटलेल्या त्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती त्याच वर्षी जूनमध्ये निघाली. दोन महिन्यांनी, 6 ऑगस्ट 1830 रोजी, वॉकर आपल्या घरी वारले. नोंदीत कारण क्षय आहे. त्यांची लहान मुलगीही काही दिवस आधी गेली होती. वस्तीत मात्र विषप्रयोगाची शंका कायम राहिली. ज्या माणसाची दखल घेण्याचे कारण नाही असे महापौरांनी लिहिले होते, त्याच्या मृत्यूवरही त्याच्या शेजाऱ्यांचा सहज विश्वास बसला नाही.

काकांच्या सभागृहात

17 सप्टेंबर 1830 रोजी बॉस्टनच्या स्थापनेला दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी नगरपालिकेची कचेरी जुन्या स्टेट हाउसमध्ये हलली आणि ओटिस यांनी तिथे भाषण केले. याच इमारतीत 1761मध्ये जेम्स ओटिस यांनी ब्रिटिशांच्या सरसकट झडतीच्या हुकमांविरुद्ध आपला गाजलेला युक्तिवाद केला होता. पुतण्याचे कामकाज आता काकांच्या आवाजाने नावारूपाला आलेल्या वास्तूत सुरू झाले.

तिथून हाकेच्या अंतरावर, काँग्रेस स्ट्रीट आणि वॉटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, मर्चंट्स हॉल नावाची इमारत होती. तिथल्या एका खोलीतून 1 जानेवारी 1831 रोजी ‘द लिबरेटर’ नावाचे साप्ताहिक निघू लागले. संपादक विल्यम लॉइड गॅरिसन, वय पंचवीस. भागीदार आयझॅक नॅप. दोघेही त्याच खोलीत छपाई करत आणि तिथेच जमिनीवर झोपत. गुलामगिरी ताबडतोब आणि बिनशर्त संपवा, ही त्यांची मागणी. फिलाडेल्फियातले कृष्णवर्णीय उद्योजक जेम्स फोर्टन यांनी सुरुवातीलाच 27 वर्गणीदारांचे पैसे पाठवले. पहिली काही वर्षे बहुसंख्य वर्गणीदार स्वतंत्र कृष्णवर्णीयच होते. पत्राचा खप कधीच फार मोठा झाला नाही. तरीही ते दक्षिणेत पोचले, कारण गॅरिसन आपला अंक दक्षिणेतल्या संपादकांना पाठवत आणि ते संतापून त्यातले उतारे आपल्या पत्रांत छापत.

ऑगस्ट 1831मध्ये व्हर्जिनियाच्या साउथॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाला. पन्नासाहून अधिक गोरी माणसे मारली गेली आणि सूडापोटी अनेक निरपराध कृष्णवर्णीयांचे बळी घेतले गेले. टर्नर यांनी ‘अपील’ किंवा ‘लिबरेटर’ वाचल्याचा पुरावा नाही. पण दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांना दोष द्यायला बाहेरचा माणूस हवा होता. आपले गुलाम सुखी आहेत असे वर्षानुवर्षे सांगितल्यावर दुसरे बोलणार तरी काय? महापौर ओटिस यांच्या टेबलावर पुन्हा पत्रे येऊ लागली. व्हर्जिनिया आणि जॉर्जियाच्या राज्यपालांची, आणि साउथ कॅरोलायनाचे सिनेटर रॉबर्ट हेन यांचेही. हेन यांच्या हाती ‘लिबरेटर’चा एक अंक पडला होता आणि तो कोणी पाठवला हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

सरकारी पत्रांच्या सोबत एक खासगी पत्रही आहे. 17 ऑक्टोबर 1831चे. लिहिणाऱ्या एलिनॉर पार्क कस्टिस लुइस, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीची नात, वॉशिंग्टन यांच्याच घरात वाढलेल्या, आणि आता व्हर्जिनियातल्या जमीनदारीण. आपण धुमसत्या ज्वालामुखीवर राहतो आहोत, त्याचा भडका कधी आणि कुठे उडेल सांगता येत नाही, असे त्या लिहितात. भीतीने माणसांना वेड लागल्याचेही कळवतात. त्यांची भीती खरी होती. पण ज्यांच्या श्रमावर आपले घर चालते त्यांच्या मनात काय धुमसत असेल, हा विचार त्या पानावर कुठे येत नाही. राज्यपालांच्या औपचारिक पत्रांवर मैत्रीतल्या अशा पत्राचे वजन पडले की महापौराची लेखणी कोणत्या बाजूला झुकत असेल, हे समजणे अवघड नाही.

दुसरे उत्तर

ओटिस यांनी ‘लिबरेटर’चे नावही ऐकले नव्हते. नगरपालिकेतल्या कोणीच ऐकले नव्हते. कचेरीपासून हाकेच्या अंतरावर दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या पत्राची पहिली खबर बॉस्टनच्या महापौरांना शेकडो मैलांवरून आली!

शोधायला माणसे पाठवली गेली. त्यांनी येऊन सांगितले ते असे: कचेरी म्हणजे कुठल्याशा आडोशाचे एक बीळ, मदतनीस म्हणून दिसला तो एक काळा पोरगा, आणि पाठीराखे सर्व रंगांचे, थोडेसे, अगदी नगण्य लोक. आल्डरमनांच्या संमतीने ओटिस यांनी ही माहिती राज्यपालांना कळवली आणि आपला विश्वासही जोडला: हे नवे वेड आमच्या प्रतिष्ठित वर्गात शिरलेले नाही आणि शिरण्याची शक्यताही नाही. याही वेळी त्यांनी वृत्तपत्र बंद पाडले नाही. जॉर्जियाच्या विधिमंडळाने गॅरिसन यांना पकडून देणाऱ्याला 5000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले, तरीही ‘लिबरेटर’ बॉस्टनमध्ये दर आठवड्याला निघत राहिले.

त्या अहवालाकडे पुन्हा पाहिले की त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. खोली कोंदट होती. मदतीला कृष्णवर्णीय मुलगा होता. पाठीराखे थोडे होते आणि सर्व रंगांचे होते. चूक निरीक्षणात नव्हती, तोलण्यात होती. ‘सर्व रंगांचे’ हे शब्द शोधायला गेलेल्या माणसांनी हिणवण्यासाठी वापरले. गोरे आणि काळे एका खोलीत, एका कामात, बरोबरीने उभे राहिले होते, ही त्या शहरातली सर्वांत नवी घटना होती. ती डोळ्यांसमोर असून नोंदली गेली ती केवळ क्षुद्रपणाची खूण म्हणून. 6 जानेवारी 1832 रोजी न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्थेची स्थापना झाली ती उत्तर उतारावरच्या आफ्रिकन मीटिंग हाउसमध्ये. त्याच महिन्यात ओटिस यांची महापौरपदाची मुदत संपली.

पुढची वर्षे त्या दुसऱ्या उत्तराला एकेक करून खोटे ठरवत गेली. 1835च्या ऑगस्टमध्ये फॅनिल हॉलमधल्या सभेत सत्तरीला टेकलेल्या ओटिस यांनी गुलामगिरीविरोधी चळवळीवर टीका केली. नगण्य माणसांविरुद्ध आता मोठ्या माणसांना सभा घ्यावी लागत होती. 21 ऑक्टोबरला ‘सभ्य’ वेशातल्या जमावाने गॅरिसन यांना दोरीने बांधून रस्त्यातून ओढले. महापौर थिओडोर लायमन यांनी त्यांना जमावाच्या हातून सोडवून जुन्या स्टेट हाउसमधल्या आपल्या कचेरीत आणले आणि तिथून सुरक्षिततेसाठी तुरुंगात हलवले. ज्या इमारतीतल्या महापौरांनी त्यांच्या खोलीला बीळ म्हणून कळवले होते, त्याच इमारतीत त्या दिवशी त्यांचा जीव वाचला.

‘प्रतिष्ठित वर्गात शिरणार नाही’ या भाकिताचे काय झाले? 1837च्या नोव्हेंबरमध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय या संपादकाला जमावाने ठार केले, तेव्हा फॅनिल हॉलमध्ये एका तरुण वकिलाने उभे राहून जे भाषण केले ते अमेरिकी वक्तृत्वाच्या इतिहासात नोंदले गेले. तो वकील वेंडेल फिलिप्स. बॉस्टनचे पहिले महापौर जॉन फिलिप्स यांचा मुलगा. त्याच प्रसंगानंतर चळवळीत आलेले एडमंड क्विन्सी पुढे गॅरिसन यांच्या गैरहजेरीत ‘लिबरेटर’चे संपादन करू लागले, ते दुसरे महापौर जोसाया क्विन्सी यांचे पुत्र. तिसऱ्या महापौरांनी लिहिलेल्या शब्दाला पहिल्या दोघांच्या घरांतूनच उत्तर मिळाले.

कबुली

1848मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, ओटिस यांनी मॅसॅच्युसेट्सच्या जनतेला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. निमित्त होते अध्यक्षीय निवडणुकीचे. त्यात त्यांनी सतरा वर्षांपूर्वीची ही हकिगत स्वतः सांगितली: राज्यपालांची पत्रे, शोध, बीळ, काळा पोरगा, नगण्य पाठीराखे आणि आपण दिलेली ग्वाही. आणि तिच्यापुढे एक छोटे वाक्य जोडले: यात माझी चूक झाली. ऑक्टोबरच्या 28 तारखेला ते वारले.

त्या वाक्याने त्यांची मते बदलली नव्हती. चळवळ त्यांना शेवटपर्यंत घातक वाटली. चूक झाली असे त्यांना वाटले ती अंदाजात, न्यायात नव्हे. तरीही कागदावर चूक लिहून ठेवणारा सत्ताधारी विरळा. त्यांनी ती लिहिली म्हणून बीळ आणि पोरगा आपल्यापर्यंत पोचले. त्याच वर्षी कवी जेम्स रसेल लॉवेल यांनी गॅरिसन यांच्यावर कविता लिहिली आणि महापौरांच्या पत्रातले हेच शब्द तिच्या माथ्यावर दिले. हिणवायला लिहिलेली ओळ गौरवाचा लेख झाली.

1913मध्ये इतिहासकार सॅम्युअल इलियट मॉरिसन यांनी ओटिस यांचे चरित्र आणि पत्रे दोन खंडांत छापली. मॉरिसन हे ओटिस यांचेच वंशज. अशा रीतीने महापौरांची पत्रे घरात जपली गेली, संस्थेत गेली, वंशजाने छापली. आणि वॉकर यांची? त्यांचे एक पत्र शिल्लक आहे. 8 डिसेंबर 1829 रोजी रिचमंडमधल्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला त्यांनी 30 प्रती पाठवल्या, त्यासोबतचे. बारा सेंट किंमत, आणि ज्याला परवडत नाही त्याला फुकट, ही सूचना त्याच पत्रातली. ते टिकले कारण व्हर्जिनियाच्या अधिकाऱ्यांनी ते जप्त करून राज्यपालांच्या दफ्तरात ठेवले. एकाची पत्रे प्रेमाने जपली गेली आणि दुसऱ्याचे पत्र पुरावा म्हणून. एकोणिसाव्या शतकातला कोणताही सरकारी पत्रव्यवहार उघडताना हा फरक मनात असला पाहिजे. ज्यांच्याबद्दल पत्रे लिहिली गेली, त्यांची स्वतःची पत्रे बहुधा त्या रुमालात नसतात. म्हणून ‘नगण्य’, ‘क्षुल्लक’, ‘कोणी एक’ असे शब्द आले की वाचकाने तिथेच थांबून, त्या माणसाचे नाव काय होते ते विचारायचे.

‘लिबरेटर’चा शेवटचा अंक 29 डिसेंबर 1865 रोजी निघाला. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच महिन्यात अमलात आली होती. त्यानंतर साडेसात वर्षांनी, 1873मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सत्शील लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटून काम केले त्यांना अर्पण केले. पाठीराखे थोडे आणि नगण्य, असे ज्यांच्याबद्दल बॉस्टनहून लिहिले गेले होते, त्यांच्या कामाची दखल सातासमुद्रांपलीकडे अशी घेतली गेली.

आणि बॉस्टनमध्ये? डेव्हिड वॉकर यांच्या मृत्यूनंतर त्यांना एक मुलगा झाला. तो वकील झाला आणि 1866मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून आला. तिथे निवडून गेलेल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीयांपैकी एक. ओटिस यांच्या घरापासून थोड्या अंतरावर असलेल्या त्या स्टेट हाउसच्या पायऱ्या चढून तो आत गेला. सभासदांच्या यादीत त्याचे नाव लागले: एडविन गॅरिसन वॉकर.